राणीचं मोडलेलं लग्न : एलिझाबेथ, आंजूचा ड्यूक आणि १५७९ चं साल

इंग्लंडची पहिली एलिझाबेथ आपल्याकडे दोन कारणांनी माहीत असते. ३१ डिसेंबर १६०० ला ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली ती हिने, आणि ही बाई जन्मभर बिनलग्नाची राहिली. दुसरी गोष्ट सहसा एखाद्या व्रतकथेसारखी सांगतात : गादीवर बसतानाच ठरवलं, राज्याशीच लग्न लावलं आणि चव्वेचाळीस वर्षं ते निभावलं. पण १५७९ च्या शरद ऋतूत हीच राणी लग्नाच्या अगदी काठावर होती. अटी ठरल्या होत्या, नवरदेव येऊन भेटून गेला होता, आणि आपल्या मंत्र्यांनी ‘हो’ म्हणावं म्हणून ती त्यांच्यासमोर रडली होती. लग्न मोडलं, पण कुठल्याही व्रतामुळे नाही.

या लेखात ते एकच प्रकरण घेतलं आहे. माझं म्हणणं असं की ‘कुमारी राणी’ ही प्रतिमा मुख्यतः या मोडलेल्या सोयरिकीतून उभी राहिली. तिचा पाया राणीने घातला नाही. तो घातला राणीने हे लग्न करू नये असं वाटणाऱ्यांनी. राणीने ती प्रतिमा नंतर पत्करली, आणि मग इतकी सफाईने वापरली की ती पहिल्यापासून तिचीच होती असं सगळ्यांना वाटू लागलं.

स्थळ

फ्रान्स्वा, आंजूचा ड्यूक, हा फ्रान्सची राजमाता कॅथरीन द मेदिची हिचा सर्वांत धाकटा मुलगा. जन्म मार्च १५५५ चा, म्हणजे एलिझाबेथपेक्षा एकवीस वर्षांनी लहान. चणीने लहानखुरा, चेहऱ्यावर देवीचे व्रण. थोरला भाऊ तिसरा हेन्री फ्रान्सचा राजा, त्याला मूल नाही, त्यामुळे हाच वारस. धर्माने कॅथलिक, पण राजकारणात फ्रेंच प्रोटेस्टंटांशीही हातमिळवणी करून मोकळा झालेला. १५७२ मध्ये पॅरिसला सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी प्रोटेस्टंटांची कत्तल झाली, ती याच घराण्याच्या राज्यात. याचा स्वतःचा तीत हात नव्हता. लंडनच्या रस्त्यावरच्या माणसाला एवढा बारीक फरक करण्याचं कारण नव्हतं.

बोलणी सुरू झाली ती सरळ राजकारणातून. नेदरलँड्समध्ये स्पेनच्या फिलिपविरुद्ध बंड चाललं होतं आणि १५७८ च्या उन्हाळ्यात आंजू फौज घेऊन तिथे घुसला. समुद्रापलीकडे स्पॅनिश नकोत तसे फ्रेंचही नकोत, हे एलिझाबेथचं जुनं धोरण. ड्यूकला लग्नाच्या आशेवर ठेवलं तर त्याचा लगाम आपल्या हाती राहील, असा हिशेब. दरबारातल्या जुन्या मंडळींना हा खेळ पाठ होता. फिलिप झाला होता, स्वीडनचा एरिक झाला होता, ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक चार्ल्स कित्येक वर्षं ताटकळून १५६७ मध्ये सुटला होता. आंजूचा तो राजा झालेला भाऊ हेन्रीही एकदा याच रांगेत उभा होता. हेही त्यातलंच, असं त्यांना वाटलं.

जानेवारी १५७९ मध्ये ड्यूकचा विश्वासू जाँ द सिमिए लंडनला आला आणि रंग बदलला. बोलण्यात, नाचण्यात, लाघवात मुरलेला माणूस. राणी त्याला ‘माझं माकड’ म्हणू लागली, आणि पुढे ड्यूक तिचा ‘बेडूक’ झाला. बेडकाच्या आकाराचा दागिनाही तिच्याकडे आला. ही टोपणनावं ती जवळच्यांनाच देत असे, तेव्हा त्यांना हसण्यावारी नेऊ नये. सिमिए तासन्‌तास तिच्याजवळ असायचा, आणि तिच्या शयनगृहातून रात्रीची टोपी ड्यूकसाठी घेऊन गेला अशी कुजबुज चालली होती.

इथे एक सावधगिरी. राणीच्या खासगी वागण्याबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं स्पेनचा वकील, म्हणजे राजदूत, मेंडोझा याच्या पत्रांतून कळतं. हे लग्न होऊ नये अशीच स्पेनची इच्छा होती. त्याने पैसे देऊन बातम्या मिळवल्या, काही ऐकीव लिहिल्या, काही धन्याला आवडतील अशा लिहिल्या. तरीही सिमिएच्या काळातली राणी अधिक प्रसन्न, अधिक नटलेली दिसते हे त्याच्याखेरीज इतरांनाही जाणवलं होतं. मेंडोझाला खोटं पाडायला आपल्याकडे फारसा आधार नाही, आणि त्याच्यावर पूर्ण भिस्त ठेवायलाही नाही.

खासगी म्हणजे किती खासगी?

एलिझाबेथच्या बाबतीत हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. तिच्या खोलीत रात्रीही कोणी तरी सेविका झोपे. आजारपण, पाळी, झोप, भूक या सगळ्यांवर परदेशी वकिलांची नजर, कारण तिला मूल होईल की नाही यावर युरोपातल्या दोन-तीन गाद्यांचं गणित अवलंबून. १५७९ मध्ये तिचा मुख्य मंत्री लॉर्ड बर्ली याने लग्नाच्या बाजूने टिपण लिहिलं. त्यात राणीची शरीरप्रकृती अपत्यप्राप्तीला योग्य आहे, हे त्याने वैद्यांच्या हवाल्याने मुद्देसूद मांडलं आहे. पंचेचाळिशीच्या बाईच्या देहाची सरकारी कागदावर अशी छाननी झाली, आणि ती करणारा माणूस तिच्या बाजूचा होता.

चव्हाट्यावरची बदनामीही तिला नवी नव्हती. सप्टेंबर १५६० मध्ये राणीचा लाडका दरबारी रॉबर्ट डडली याची बायको एमी जिन्याच्या पायथ्याशी मरून पडलेली सापडली. पंचांनी अपघात ठरवला, तरी राणीने डडलीशी लग्न केलं असतं तर तो निकाल कुणी मानला नसता. तिने केलं नाही. डडलीला पुढे लेस्टरचा अर्ल केलं आणि वीस वर्षं जवळ ठेवलं.

त्याच लेस्टरने सप्टेंबर १५७८ मध्ये लेटिस नोलिसशी गुपचूप लग्न उरकलं होतं. राणीला हे सांगितलं सिमिएने, असं कॅम्डेन हा इतिहासकार लिहितो. सांगण्यामागचा डाव उघड आहे : फ्रेंच लग्नाला विरोध करणाऱ्यांत लेस्टर पुढे होता. राणी भडकली, त्याला लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे राजकैद्यांच्या तुरुंगात, टाकायला निघाली. लग्नाला अनुकूल असलेल्या ससेक्सच्या अर्लनेच तिला आवरलं, हीदेखील कॅम्डेनचीच हकिगत. माझ्या मते या क्षणी गोष्ट राजकारणाच्या पलीकडे गेली असावी. ज्याच्यासाठी तिने वीस वर्षं लोकांचे बोल ऐकले तो आपला संसार थाटून मोकळा झाला होता, आणि सल्ला मात्र देत होता की आपण लग्न करू नये.

उन्हाळा

१७ जुलै १५७९ ला संध्याकाळी राणी थेम्समधून नावेने चालली होती. सोबत फ्रेंच वकील होता. जवळच्या होडीत थॉमस ॲपलट्री नावाचा पोरगेला माणूस गंमत म्हणून बंदुकीचे बार काढत होता. एक गोळी राणीच्या नावेतल्या वल्हेकऱ्याच्या हातांतून आरपार गेली. राणीने त्याला धीर दिला. ॲपलट्रीला फाशीची शिक्षा झाली, त्याला वधस्तंभापर्यंत नेलं, दोरही गळ्यात पडला, आणि ऐन वेळी राणीची माफी आली. असा प्रसंग कसा वापरायचा हे एलिझाबेथला उत्तम कळे. महिनोन्‌महिने लोक तिच्या दयेचं कौतुक करत राहिले असते, जर नोव्हेंबरात तिने स्वतःच ते पुसून टाकलं नसतं.

ऑगस्टमध्ये ड्यूक ग्रीनिचला आला, वेश बदलून. हे गुपित सगळ्या लंडनला माहीत होतं आणि त्यावर बोलायची कुणालाही परवानगी नव्हती. इतक्या वरांनी मागणी घातली, पण परदेशातून स्वतः येऊन या तऱ्हेने तिची मनधरणी करणारा हाच. मेंडोझा लिहितो की ड्यूकला पडद्याआड बसवून राणी नेहमीपेक्षा जास्त नाचली आणि त्याच्याकडे बघून खुणा करत राहिली. बाराएक दिवस राहून तो परतला. एवढ्या काळात व्रण बिण कुणाला आठवेनासे झाले होते.

उजवा हात

सप्टेंबरमध्ये एक पुस्तिका छापून आली. लेखक जॉन स्टब्स, लंडनच्या लिंकन्स इन या कायद्याच्या संस्थेतला वकील, कडवा प्रोटेस्टंट, आणि राणीचा निःसंशय भक्त. त्याची मांडणी धर्मापासून सुरू होते : हे लग्न म्हणजे देवाच्या माणसांनी देवाच्या शत्रूशी केलेली सोयरीक, फ्रेंच घराणं हा सर्प आणि इंग्लंडची राणी त्याने भुलवलेली हव्वा. मग तो हिशेबावर येतो. उद्या हेन्री मेला तर नवरा फ्रान्सचा राजा, आणि इंग्लंड फ्रान्सचा सुभा. शेवटी त्याने जे लिहिलं ते तोवर कुणीच छापलं नव्हतं : या वयात बाळंतपण राणीच्या जिवावर बेतेल, आणि तरुण पुरुष आपल्याहून एवढ्या थोर बाईच्या मागे लागतो तेव्हा त्याला बाई नको असते, दुसरंच काही हवं असतं.

राणीच्या रागाचं कारण यातच असावं. २७ सप्टेंबरला जाहीरनामा निघाला, प्रती जप्त करून नष्ट करण्याचा हुकूम सुटला, बिशपांना प्रवचनांतून उत्तर देण्याच्या सूचना गेल्या. स्टब्स, पुस्तिका वाटणारा विल्यम पेज आणि मुद्रक ह्यू सिंगलटन यांना पकडलं. खटला चालवला तो एलिझाबेथच्या आधीच्या, तिची थोरली बहीण मेरी राणी हिच्या काळातल्या कायद्याखाली. तो कायदा मेरी आणि तिचा नवरा, स्पेनचा तोच फिलिप, यांच्याविरुद्ध लिहिणाऱ्यांसाठी केलेला. मेरीबरोबर तो संपला असं म्हणणाऱ्या वकिलाला तुरुंग दाखवण्यात आला आणि एका न्यायाधीशाला पद सोडावं लागलं. म्हणजे ज्या परदेशी कॅथलिक नवऱ्याची इंग्लंडला धास्ती बसली होती त्याच्या रक्षणाचा कायदा, दुसऱ्या परदेशी कॅथलिक नवरदेवासाठी उकरून काढला. विरोधकांना याहून चांगला मुद्दा कुणी पुरवू शकलं नसतं.

३ नोव्हेंबर १५७९ ला वेस्टमिन्स्टरला स्टब्स आणि पेज यांचे उजवे हात मनगटातून तोडले. मनगटावर सुरा ठेवायचा आणि वरून मोगरीचा घाव घालायचा. सिंगलटनला माफी मिळाली होती. स्टब्सने हात तुटल्यावर डाव्या हाताने टोपी काढली, ‘देव राणीचं रक्षण करो’ असं ओरडला आणि बेशुद्ध पडला. हे लिहून ठेवणारा विल्यम कॅम्डेन तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि स्वतः त्या गर्दीत उभा होता. त्याला आठवते ती गर्दीची चिडीचूप शांतता. ती भीतीने होती, दयेने होती, की लग्नाबद्दलच्या तिटकाऱ्याने, असं तो स्वतःच विचारतो.

याच महिन्यांत फिलिप सिडनीनेही राणीला पत्र लिहून लग्नाला विरोध केला. मुद्दे पुष्कळसे तेच. पत्राच्या हस्तलिखित प्रती हातोहात फिरल्या. सिडनीचा केसही वाकडा झाला नाही. तो लेस्टरचा भाचा, उमराव. त्याने मान राखून लिहिलं, आणि छापलं नाही. राणी आपल्या लग्नावरचं मत ऐकून घ्यायला तयार होती. ते मत दुकानात विकायला ठेवलेलं तिला चालत नव्हतं.

एक जाता जाता. २४ ऑक्टोबर १५७९ ला, म्हणजे स्टब्सचा हात तुटण्याच्या बरोबर दहा दिवस आधी, गोव्याच्या बंदरात एक इंग्रज जेझुइट उतरला : फादर थॉमस स्टीफन्स, पुढे मराठीत ओवीबद्ध पुराण रचणारे. राणीच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरू म्हणून जगणं अशक्य झालेल्या पिढीतले ते. स्टब्सला राणी कॅथलिकांना फार जवळ करते असं वाटत होतं, त्याच काळात हे घडत होतं.

रडणारी राणी

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात प्रिव्ही कौन्सिलची, म्हणजे राणीच्या मंत्रिमंडळाची, बैठक दिवसचे दिवस चालली. बर्ली आणि ससेक्स लग्नाच्या बाजूने. हॅटन, मिल्डमे यांच्यासारखे बरेच जण विरुद्ध. एकमत झालं नाही. ७ तारखेला चार मंत्र्यांनी राणीला जाऊन सांगितलं की आधी आपलीच मर्जी कळावी, मग आम्ही सल्ला देऊ. बर्लीच्या टिपणानुसार तिला रडू कोसळलं. मी लग्न करावं, मला माझ्या पोटचं मूल व्हावं आणि आठव्या हेन्रीचा वंश चालू राहावा, यापेक्षा राज्याला मोठं संरक्षण कोणतं, याबद्दल तुम्हाला शंका यावी याचंच आश्चर्य वाटतं, असं ती म्हणाली.

हे टिपण मला मेंडोझाच्या दहा पत्रांपेक्षा मोलाचं वाटतं. लिहिणारा शत्रू नाही, दरबारी इतिहासकारही नाही. तो खोलीत हजर असलेला, तिला वीस वर्षं ओळखणारा माणूस आहे. वीस वर्षं ही मंडळी आणि पार्लमेंट तिला लग्न करा म्हणून सतावत होती आणि ती टोलवत होती. आता ती तयार झाली तर हेच गप्प. तिला हुकूम काढून लग्न करता आलं असतं. पण थोरली बहीण मेरी हिने १५५४ मध्ये लोकांच्या मनाविरुद्ध फिलिपशी लग्न ठरवलं, त्यावरून बंड झालं आणि त्या बंडापायी एलिझाबेथ स्वतः टॉवरमध्ये जाऊन आली होती. २४ नोव्हेंबरला तिने अटींवर सह्या होऊ दिल्या, पण प्रजेचं मन वळवायला दोन महिन्यांची मुदत ठेवून. प्रजेचं मन वळलं नाही. वळवायचा फारसा प्रयत्नही झाल्याचं दिसत नाही.

कौमार्य कुणाच्या कामाचं?

आता प्रतिमेकडे. १५५९ च्या राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत तिला बायबलमधल्या दबोराच्या रूपात दाखवलं होतं : न्याय देणारी, राज्य चालवणारी स्त्री. १५७५ च्या जुलैत लेस्टरने केनिलवर्थच्या किल्ल्यात तिचा एकोणीस दिवस पाहुणचार केला, तेव्हा एक रूपक तयार ठेवलं होतं. त्यात कौमार्याची देवता डायाना हिची कुमारी सखी झबेटा, म्हणजे उघडच एलिझाबेथ, हिला विवाहाची देवता जूनो हिच्या वतीने लग्नाचा सल्ला मिळतो. वर कोण असावा हे सांगायला नको. तो प्रयोग झालाच नाही. कारण पावसाचं सांगितलं गेलं.

तीनच वर्षांनी, ऑगस्ट १५७८ मध्ये, आंजूची बोलणी चालू असताना राणी नॉर्विचला गेली. तिथल्या करमणुकीत व्हीनस आणि क्यूपिड या प्रेमाच्या देवता स्वर्गातून हाकलल्या जातात. चॅस्टिटी, म्हणजे मूर्तिमंत पावित्र्य, क्यूपिडचं धनुष्य हिसकावून राणीला अर्पण करते, कारण राणीचं हृदय कुठल्याच बाणाने विंधलं जाणार नाही. तीन वर्षांत लग्नाचा सल्ला जाऊन कौमार्याचं स्तोत्र आलं, आणि मधल्या काळात बदललं काय, तर फक्त वर. १५७९ मध्येच जॉर्ज गोवरने राणीचं चित्र काढलं, हातात चाळण घेतलेली. रोममधल्या टुशिया या कुमारी पुजारिणीवर आळ आला तेव्हा तिने तायबर नदीचं पाणी चाळणीत भरून, थेंबही न सांडता नेऊन दाखवलं, ती ही चाळण. पुढची काही वर्षं चाळणीची चित्रं निघत राहिली. १५८३ चं, आता सिएनाला असलेलं, त्यातलं सर्वांत गाजलेलं. त्यात डायडो आणि इनिअस यांची कथा आहे, म्हणजे प्रेमापायी राज्य गमावणारी राणी आणि प्रेम सोडून साम्राज्याकडे जाणारा वीर. आणि मागच्या दरबाऱ्यांत एकाच्या बाहीवर पांढऱ्या हरिणीची खूण आहे. ती ख्रिस्तोफर हॅटनची. कौन्सिलमध्ये लग्नाला विरोध करणारा तोच हॅटन.

स्तुती ही विरोधाची सर्वांत सुरक्षित जागा होती. ‘लग्न करू नका’ म्हणणाऱ्याचा हात तुटला. ‘आपण अजिंक्य कुमारी आहात’ म्हणणाऱ्याला बिदागी मिळाली.

शेवटचा अंक

लग्न अजून पुरतं मेलं नव्हतं. १५८० मध्ये फिलिपने पोर्तुगाल गिळलं आणि फ्रान्सची गरज वाढली. १५८१ च्या वसंतात मोठा फ्रेंच लवाजमा आला. त्यांच्यासमोर सिडनी आणि इतर वीरांनी ‘सौंदर्याच्या किल्ल्या’वर लुटुपुटूचा हल्ला केला, किल्ला अर्थातच पडला नाही. पाहुण्यांना इशारा कळला असेल.

हिवाळ्याच्या तोंडावर ड्यूक पुन्हा आला. २२ नोव्हेंबरला व्हाइटहॉलच्या सज्जात फ्रेंच वकिलाने विचारलं, राजाला काय कळवू? राणी म्हणाली, ड्यूक माझा नवरा होणार असं लिहा. तिने सगळ्यांदेखत त्याचं चुंबन घेतलं आणि आपल्या बोटातली अंगठी काढून दिली. त्या रात्री तिच्या सेविकांनी रडारड करून तिला झोपू दिलं नाही, आणि सकाळी तिने शब्द फिरवला. मग फ्रेंच राजाकडे अशा अटी गेल्या की त्या मान्य होणारच नाहीत. हे सगळं आधीपासूनचं नाटक होतं असं अनेक जण मानतात. मला तसं वाटत नाही. नाटकासाठी अंगठी पुरली असती. चार भिंतींआड सहज टाळता आलं असतं ते तिने जाहीरपणे केलं, कारण मंत्र्यांना डावलून जायचा हा एकच रस्ता उरला होता. आणि सकाळपर्यंत तिला कळलं की त्या रस्त्यावर ती एकटीच आहे.

फेब्रुवारी १५८२ मध्ये ती ड्यूकला कँटरबरीपर्यंत पोहोचवायला गेली. पुढे अँटवर्पपर्यंत सोबतीला कोण, तर लेस्टर. जून १५८४ मध्ये ड्यूक वारला. दरबाराने सुतक पाळलं, राणीने काळे कपडे घातले आणि त्याच्या आईला लिहिलं की मी आत्मा गेलेल्या देहासारखी झाले आहे. वर्षभराच्या आत दरबारी वॉल्टर रॅले याच्या अमेरिकेतल्या नियोजित वसाहतीला ‘व्हर्जिनिया’, म्हणजे कुमारीची भूमी, हे नाव मिळालं होतं.

पुढची वीस वर्षं चंद्र, मोती, न सुरकुतणारा चेहरा. १५९६ मध्ये राणीला न शोभणारी चित्रं शोधून नष्ट करायचा हुकूम निघाला. सत्तरीकडे झुकलेली राणी चित्रांत विशीची दिसू लागली. आपल्या वारसाचं नाव न घेता राज्य करायला ही देवी होणं तिला फार सोयीचं पडलं. खासगी उरलं ते थोडं : लेस्टरचं शेवटचं पत्र, ज्यावर तिने स्वतःच्या हाताने तसं लिहून ठेवलं होतं आणि जे १६०३ मध्ये ती गेल्यावर तिच्या वस्तूंत सापडलं.

स्टब्स १५८१ मध्ये सुटला, डाव्या हाताने लिहायला शिकला आणि त्याच दशकात पार्लमेंटचा सभासद झाला. आणि कॅम्डेनने इतिहास लिहिला, लॅटिनमध्ये, पहिला भाग १६१५ ला छापला. त्यात १५५९ चं राणीचं पार्लमेंटपुढचं उत्तर आहे. त्या वेळी नोंदवलेल्या मजकुरात ती म्हणते की देवाने मन वळवलं तर लग्न करीन, नाही तर ‘इतकी वर्षं राज्य करून कुमारी म्हणून जगली आणि मेली’ एवढं थडग्यावर लिहिलं तरी मला पुरे. कॅम्डेनच्या पानावर मात्र पंचवीस वर्षांची राणी बोटातली राज्याभिषेकाची अंगठी दाखवते आणि सांगते की मी इंग्लंडशी आधीच लग्न लावलं आहे. हे वाक्य १५५९ च्या कुठल्याही नोंदीत नाही.